बाईसाहेबांनी काय खाल्लं

परवा शेजारणीचं मांजर बाहेर कुठेतरी तोंड घालून आलं आणि ओट्यावर बसून लाळ गाळायला लागलं. झालं, बायका जमल्या. एक म्हणाली तूप पाजा, दुसरी म्हणाली मिठाचं पाणी पाजा, तिसरी तर बशीत दूध घेऊन आलीसुद्धा. मी म्हटलं, खबरदार कुणी त्याच्या तोंडात काही ओताल तर. आधी त्यानं काय खाल्लं ते बघून या, थोडं उरलं असेल तर कागदात बांधून आणा आणि मांजराला घेऊन दवाखान्यात जा. तिघी माझ्याकडे बघतच राहिल्या. आजीबाईंना हे कुठून कळलं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मला हे आमच्या घरमालकांनी शिकवलं. लग्न होऊन नांदेडकडून हैदराबादला आले तेव्हा कोठी भागातल्या मागच्या गल्लीत त्यांच्या घरात आम्ही दोन खोल्या घेऊन राहत होतो. आम्ही म्हणजे मी, आमचे हे आणि सासूबाई. मालक निवृत्त वकील होते. बायको मागेच वारली होती, मूलबाळ नव्हतं. एक पांढरी मांजरी होती, तिला ते 'बाईसाहेब' म्हणत. सगळी गल्ली त्यांना 'हौला वकील' म्हणायची. हौला म्हणजे आपल्या भाषेत खुळा. म्हणताना लोक कानाशी बोट फिरवत, हसत. मला त्या हसण्याचा तेव्हा राग यायचा आणि आज म्हातारपणी जास्त येतो. कारण खुळं कोण होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तऱ्हेवाईक होते, हे मी नाकारत नाही. सगळा जन्म उर्दू कचेरीत वकिली केलेली, त्यामुळे घरातही त्यांचं कोर्टच चालायचं. भाडेकरूंना खोली देताना भाड्याचं नंतर, आधी मांजराच्या अटी. मागच्या सज्ज्यातून उष्टं फेकायचं नाही. खरकट्याच्या डब्याला झाकण पाहिजे. आणि उंदरांचं औषध या घरात आणायचं नाही, म्हणजे नाही. "उंदरांसाठी बाईसाहेब आहेत आणि बाईसाहेबांसाठी मी आहे," असं ते म्हणत. पितृपंधरवड्यात कुणी कावळ्यासाठी गच्चीवर पान ठेवलं की मालक धोतराचा सोगा सावरत वर हजर. "वड्यात काय घातलंय? खिरीत वेलदोडे आहेत का? कावळा आला नाही आणि बाईसाहेबांनी खाल्लं तर जबाबदार कोण?" श्राद्धाच्या दिवशी असले प्रश्न कुणाला आवडणार? भटजी तर त्यांना बघितलं की पोथी मिटून बसत.

मांजर बाहेरून काही खाऊन आलं की त्यांचा ठरलेला रिवाज होता. कुणी ओरडायचं नाही, तिच्या मागे धावायचं नाही, कारण घाबरलं की ते उरलेलंही गिळतं. घशात बोट घालायचं नाही. दूध, तूप, तेल काही पाजायचं नाही. नुसतं पाणी ठेवायचं आणि शांत खोलीत दार लावून बसवायचं. मग जिथं खाल्लं ती जागा शोधायची. त्याला ते 'मौका पाहणं' म्हणत. तिथलं उरलंसुरलं उचलून ठेवायचं. लाळ, ओकारी, अंग कापणं, यातलं काही दिसलं की सरळ टांगा मागवायचा आणि सलोत्र्याकडे जायचं. सलोत्री म्हणजे जनावरांचा डॉक्टर. "काय खाल्लं हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं काय पाजायचं हे सांगू नये," हे त्यांचं पालुपद. बायका पदराआड हसत. मीही पहिले काही दिवस हसले असेन.

आमच्या खालच्याच मजल्यावर, सगळ्यात मोठ्या खोल्यांत, अण्णा राहत. सरकारी कचेरीत मोठे कारकून, पहाटे खड्या आवाजात स्तोत्रं म्हणणारे, गल्लीत मान असलेले. काही झालं की लोक अण्णांना विचारत. वकीलसाहेबांना कुणी विचारत नसे.

ते दिवस भीतीचे होते, ते मी खोटं कशाला सांगू? रझाकार हातात लाठ्या घेऊन रस्त्यानं फिरत. नांदेडकडून बातम्या येत त्या ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळे. आमचे हे कचेरीतून परत येईपर्यंत मी दारात उभी. बेगम बाजारची दुकानं कधी उघडी, कधी बंद. त्यात कुणीतरी कंडी पिकवली की नळाच्या पाण्यात विष मिसळलंय. मग ते पाण्यावरून दुधावर आलं. दूध घालायला यायचे ते चाचा, मुसलमान. नदीपलीकडे त्यांच्या म्हशी होत्या. म्हातारा माणूस, मेंदीनं रंगवलेली दाढी, पितळेची चरवी. गल्लीतली मोठी माणसं लहान होती तेव्हापासून हेच चाचा दूध घालत आलेले. बाजार बंद असले तरी हा माणूस आडवळणानं, गल्ल्याबोळांतून दूध घेऊन यायचा. एकदा गुडघा फुटलेला, पण चरवी भरलेली. आणि त्याच्याच दुधावर ह्या लोकांचा संशय.

मग ह्या लोकांनी काय युक्ती काढली असेल? दूध घेतलं की पहिली बशी बाईसाहेबांना. ती प्याली, नीट चालली, की मग पातेलं चुलीवर. प्रत्येक घरी हेच. आमच्या सासूबाईसुद्धा. मी म्हटलं, "आई, हे काय चाललंय?" तर म्हणाल्या, "तुला गं काय कळतंय? सावध राहावं माणसानं." मांजरी सकाळभर ह्या दारातून त्या दारात, पोट हे एवढं. आणि चाचा पायरीवर उभे राहून बघत असायचे. त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे?

वकीलसाहेबांना कळलं तेव्हा त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. बाईसाहेबांना काखेत मारलेलं. "तुम्हाला मरायची भीती वाटते म्हणून हिनं आधी मरायचं, असा कायदा कुठला? आणि समजा असलंच विष, तर ते हिच्या अंगात भिनायला किती वेळ लागतो, कुणी विचारलंय? तुम्ही तर बशी चाटून व्हायच्या आत पातेलं चढवता. म्हणजे मांजरही मरणार आणि तुम्हीही. बरं, रोज जिवंत राहता, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बशी. त्या चाचाची सुटका किती दिवसांनी?" अण्णा गालात हसले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, वेळ कसली आहे बघा. मांजराचं काय घेऊन बसलात." सगळे अण्णांच्या बाजूनं हसले. दुसऱ्या दिवशी बशा पुन्हा निघाल्या, एवढंच की लपूनछपून.

मग पोलीस ॲक्शन झाली. फौजा आल्या, राज्य गेलं, रस्त्यात माणसं नाचली. मीही दारात रांगोळी काढली, आनंदानं काढली. पण एक गोष्ट तेव्हाच डोळ्यांत खुपली. जे अण्णा वर्षभर दाराला कडी लावून, शेरवानी दिसली की वाकून आदाब करत होते, त्यांना एकाएकी कंठ फुटला. पांढरी टोपी घालून चौकात उभे राहायचे आणि कोण कुणाचा माणूस ते मोठ्यांदा सांगायचे. त्या दिवसांत कुणी बोट दाखवायचा अवकाश, मिलिटरीवाले माणूस उचलून नेत. नेलेला कधी येणार ते कुणाला ठाऊक नसे. चाचांच्या वस्तीतली अशी कितीतरी माणसं गेली होती. तरी चाचा येतच होते, फक्त आता मान खाली घालून.

अशाच एका सकाळी मी अंगणात भांडी घासत होते. बाईसाहेब गच्चीच्या जिन्यावरून जिभल्या चाटत खाली आली, अण्णांच्या उंबऱ्यावर बशी होती, त्यात तोंड घातलं, आणि जराशानं तिचे मागचे पाय लटपटायला लागले. तोंडातून लाळेची तार. अण्णा दारातच होते. "दूध," ते ओरडले, "दुधात घातलंय. धरा त्याला." चाचा तेव्हा शेवटच्या दारी माप ओतत होते. अण्णांनी त्यांची बाही धरली, बाकीच्यांनी वाट अडवली. कुणीतरी त्यांची टोपी उडवली. "मिलिटरीला बोलवा, अजिबात सोडायचं नाही," असं जो तो म्हणू लागला. आमचे हेसुद्धा तिथं उभे होते आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हते.

वकीलसाहेब वरून आले ते अर्धी दाढी साबणात. त्यांनी आधी कुणाकडेच पाहिलं नाही, मांजरीपाशी बसले. अण्णांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणत असू, वाटीत तूप घेऊन धावत आल्या. "तूप मागे," ते म्हणाले. वाटी मागे घेताना वहिनींनी निम्मं तूप अंगणातच सांडलं. तेवढ्यात मांजरी ओकली. वकीलसाहेबांनी खिशातली तपकिरीची डबी काढली, तपकीर झटकून टाकली आणि ते ओकलेलं काडीनं डबीत भरलं. लोक नाक मुरडत मागे सरले. मग अण्णांच्या पातेल्यातलं दूध एका बाटलीत घेतलं. सगळं सावकाश, जणू कोर्टात उभे आहेत.

"हिला शेवटची कुठून येताना कुणी पाहिलं?"

मी म्हटलं, "मी पाहिलं. गच्चीवरून आली, जिभल्या चाटत. दुधाला तोंड नंतर लावलं."

"काल आलेली पोर," अण्णा म्हणाले, "हिला काय कळतंय?"

"तिला दिसतंय, तेवढं पुरे," वकीलसाहेब म्हणाले. "सूनबाई, टोपलीत फडकं घाल आणि चल माझ्याबरोबर. तू साक्षीदार. चाचा, तुम्ही टोपली धरायची." सासूबाई नको नको म्हणत होत्या, पण तोवर मी चपला घातल्या होत्या. आम्ही तिघं बाहेर पडलो, आणि ह्या माणसानं काय केलं? अंगणाचा मोठा दरवाजा बाहेरून ओढून घेतला, कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला अडकवली. आत अख्खी भाडेकरूंची पलटण, ऑफिसला जायची वेळ. आतून दारावर धपाधप थापा. "मिलिटरी बोलवायची ना," वकीलसाहेब फटीतून म्हणाले, "मी आलो की बोलवा."

टांग्यात पुढे वकीलसाहेब, तसेच अर्ध्या दाढीचे. मागे मी आणि चाचा, त्यांच्या मांडीवर टोपली. चाचा मांजरीच्या डोक्यावरून बोट फिरवत पुटपुटत होते. नंतर लक्षात आलं, ते दुआ मागत होते. स्वतःसाठी की तिच्यासाठी, कोण जाणे. त्या मांजरीच्या जिवाला त्यांचा जीव बांधलेला होता. आबिड्सच्या चौकात शिपायांनी टांगा थांबवला. चाचांकडे बंदुकीनं खूण करून एकानं विचारलं, हा कोण? वकीलसाहेब खाली उतरले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मेरे मुवक्किल हैं." माझे अशील आहेत. त्या साबणानं भरलेल्या गालाकडे बघून शिपाई गोंधळला, हसला आणि जा म्हणाला.

सलोत्री म्हातारा होता. त्यानं नळी घालून मांजरीचं पोट धुतलं, काहीतरी औषध टोचलं. मग डबी उघडून बघितली, वास घेतला. म्हणाला, "कणीक आहे, गूळ आहे आणि उंदराचं औषध आहे. धान्य साठवून ठेवलंय ना लोकांनी, हल्ली रोज एखादं कुत्रं-मांजर येतं असलं खाऊन." बाटलीतलं दूध दाखवलं तर त्यानं चव घेऊन थुंकलं आणि पाणी जरा जास्त आहे म्हणाला. वकीलसाहेब चाचांकडे वळले. "पाण्याचं आपण नंतर बघू," ते म्हणाले. तेवढं एकदाच चाचा हसले.

परत येऊन दार उघडलं तर आत नुसता वणवा. आमच्या ह्यांचं खाडं पडलेलं, त्यांचा साहेब रागावणार, अण्णा लाल झालेले. "कोंडून ठेवता? फिर्याद ठोकीन तुमच्यावर."

"जरूर ठोका. मी गुन्हा कबूल करतो, वकीलही लागणार नाही," वकीलसाहेब म्हणाले. डबी उघडून त्यांनी मधोमध धरली. "आता मला एवढंच सांगा. दुधात कणीक कुठून आली? गुळात कणीक मळून, औषध घालून गोळ्या कुणी केल्या?"

वहिनी खांबाला टेकून उभ्या होत्या. अण्णा त्यांच्याकडे बघून म्हणाले, "तू आत जा." त्या बाईनं आयुष्यात नवऱ्याचा शब्द मोडला नसेल. पण ती आत गेली नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, "गच्चीवरच्या खोलीत ज्वारीची पोती आहेत. उंदीर फार झाले होते." गच्चीवरची खोली अण्णांनी देवाचं सामान ठेवायला म्हणून मागून घेतली होती. वर जाऊन पाहिलं तर छतापर्यंत पोती. गल्लीत लोक ज्वारीसाठी रांगा लावत होते आणि इथं पोती. कोपऱ्याकोपऱ्यात गोळ्या, आणि एक उंदरानं ओढत दाराबाहेर आणलेली, अर्धी कुरतडलेली.

मला वाटलं, आता हा माणूस चाचांचे पाय धरील. निदान ती टोपी उचलून देईल. ती अजून अंगणात मातीतच पडली होती. अण्णांनी उपरणं झटकलं आणि म्हणाले, "ठीक आहे. ह्या वेळी नव्हता. पण सावध राहिलं तर बिघडलं काय?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या कानांनी ऐकलेलं सांगते. ह्या वेळी नव्हता. म्हणजे म्हातारा सुटला तो जामिनावर. माझ्या अंगाची लाही लाही झाली. टोपी मीच उचलली, पदरानं पुसली आणि चाचांच्या हातात दिली. त्याबद्दल सासूबाई माझ्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत.

वकीलसाहेबांनी अण्णांना गोळ्या आणि पोती दोन्ही हलवायला लावली. घर सोडायलाही सांगितलं, पण अण्णांनी सोडलं नाही आणि त्या काळात कुणी सोडायला लावूही शकत नव्हतं. बाईसाहेब बऱ्या झाल्या. त्या बऱ्या झाल्यावर गंमत बघा. ज्यांनी तिला विषाची परीक्षा बघायला वापरलं, ती सगळी माणसं तिला बघायला आली. कुणी साय आणली, कुणी मासळी. "बिचारी, मुकं जनावर," म्हणून उसासे टाकले. वकीलसाहेबांनी एकेक वाटी दारातूनच परत पाठवली. त्यावरून ते आणखी हौले ठरले. चाचांना मात्र कुणी बस म्हटलं नाही की पाणी विचारलं नाही.

बशा बंद झाल्या, हे खरं. पण मग वेगळंच सुरू झालं. चाचा दारी आले की माप ओतायच्या आधी थोडं दूध स्वतःच्या तळहातावर घ्यायचे आणि सगळ्यांच्या देखत पिऊन टाकायचे. मग म्हणायचे, "लाओ, बर्तन लाओ." प्रत्येक दारी. प्रत्येक सकाळी. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ते आपणहून करत. आणि चांगली शिकलेली, देवधर्म करणारी माणसं पातेलं हातात धरून, म्हाताऱ्यानं घोट गिळेपर्यंत थांबायची आणि मग झाकण काढायची. आमच्या घरी दूध सासूबाई घेत. मी आत त्यांच्याशी भांडले, ह्यांच्याशी भांडले. हे म्हणाले, "तो आपणहून पितो, त्यात आपलं काय जातं?"

वकीलसाहेबांच्या दारी मात्र हे चालत नसे. चाचांनी तळहात पुढे केला की ते हात धरायचे. "माझ्या दारात हा तमाशा नाही. ओत मुकाट्यानं," असं रागावून म्हणायचे. रागावणं चाचांवर नव्हतं, ते चाचांना कळत होतं.

थंडी सरता सरता एक दिवस चाचा रिकाम्या हातानं आले. चरवी नाही, माप नाही. मी जिन्याशी पाणी भरत होते. ते वर गेले नाहीत, खालूनच वकीलसाहेबांना हाक मारली. म्हशी विकल्या, बिदरकडे बहिणीच्या गावी चाललो, असं सांगितलं. वकीलसाहेब तरातरा खाली आले. मी त्यांना इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. "कुणी धमकावलं? अण्णा बोलला? नाव सांग. मी अजून मेलो नाही, कोर्टात खेचतो एकेकाला. कोण काय बोललं तुला?"

चाचांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "कोई कुछ नै बोला साब," ते म्हणाले. "इत्ते दिन मैं सबके सामने पीता रहा, आपके सिवा कोई कुछ नै बोला. वोइच तो."